दट्ट्याचा माथा आणि संपीडनाचे गणित

धान्य पायलीने मोजून घेण्याची चाल होती त्या काळी, अनुभवी गिऱ्हाईक आधी पायली उलटी करून तिचे बूड पाहत असे. बूड आत चेपलेले असेल, तर काठोकाठ भरलेली पायलीही कमी धान्य देते आणि बूड बाहेर फुगलेले असेल, तर जास्त. वरून पाहणाऱ्याला दोन्ही पायल्या सारख्याच दिसतात. उंची तीच, तोंडाचा घेर तोच. फरक असतो तो फक्त बुडाच्या आकारात.

अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडराची गोष्ट काहीशी अशीच आहे. सिलिंडर ही पायली मानली, तर तिचे बूड म्हणजे दट्ट्याचा माथा. गॅरेजमध्ये ज्याला पिस्टन म्हणतात तोच हा दट्ट्या. त्याचा माथा सपाट असतो, घुमटासारखा वर आलेला असतो किंवा बशीसारखा खोलगट असतो. या आकारामुळे सिलिंडराची उंची बदलत नाही, व्यास बदलत नाही, दट्ट्याची धावही बदलत नाही. तरीसुद्धा एंजिनाचा स्वभाव ठरविणारा एक महत्त्वाचा आकडा त्यामुळे बदलतो. तो आकडा म्हणजे संपीडन गुणोत्तर होय. तो कसा काढावयाचा, माथ्याच्या आकाराचा हिशेब त्यात कोठे व कसा धरावयाचा आणि तो चुकल्यास काय ओढवते, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

संपीडन कशासाठी?

पॅरिसमध्ये लन्वार यांनी १८६० साली जे वायू-एंजिन तयार केले, त्यात इंधन व हवा यांचे मिश्रण पेटण्यापूर्वी दाबले जात नसे. ते एंजिन चालले, परंतु इंधन फार खात असे. मिश्रण आधी दाबून मग पेटविणारे चार धावांचे एंजिन निकोलाउस ओटो यांनी जर्मनीत १८७६ साली यशस्वी केले, आणि मोटारीपासून शेतातील पंपापर्यंतच्या पुढील साऱ्या प्रगतीचा पाया तेथे घातला गेला.

मिश्रण जितके अधिक दाबून पेटवावे, तितका वायूला पुढे प्रसरण पावण्यास अधिक वाव मिळतो आणि उष्णतेचा अधिक भाग कामी येतो. ओटो यांच्या चक्राचे सैद्धांतिक गणित हवेसाठी मांडले, तर गुणोत्तर ६ असताना कार्यक्षमता सुमारे ५१.२ टक्के, ८ असताना ५६.५ टक्के, १० असताना ६०.२ टक्के आणि १२ असताना ६३ टक्के येते. प्रत्यक्ष एंजिनात घर्षण, थंड भिंतींना जाणारी उष्णता इत्यादी कारणांनी हे आकडे पुष्कळच खाली येतात. पण त्यांचा कल खरा असतो, आणि त्यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, गुणोत्तर वाढविल्याने लाभ होतो. दोन, हा लाभ प्रत्येक पायरीला कमी होत जातो: ६ वरून ८ वर जाताना पाच टक्क्यांहून अधिक, तर १० वरून १२ वर जाताना तीन टक्क्यांहून कमी.

मग गुणोत्तर हवे तितके का वाढवू नये? याचे उत्तर पेट्रोलच्या स्वभावात आहे. ठिणगीपासून निघालेली ज्योत कोठीच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तेथील दाबलेले व तापलेले मिश्रण आपोआप एकदम पेट घेऊ शकते. असे झाले म्हणजे एंजिन ठोके देऊ लागते. लोखंडावर हातोडीचे हलके घाव पडावेत तसा तो आवाज असतो. हे ठोके चालू राहिले, तर दट्ट्याच्या माथ्याची कड वितळते, रिंगांमधील धातू तुटतो आणि कित्येकदा माथ्याला आरपार भोक पडते. म्हणून संपीडन गुणोत्तर हा केवळ पुस्तकी आकडा नव्हे. तो थोडा कमी धरला तर इंधन वाया जाते आणि फार वाढला तर एंजिनच वाया जाते.

दोन घनफळांचे गुणोत्तर

दट्ट्या सिलिंडरात वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जितके घनफळ व्यापतो, त्यास धावेचे घनफळ म्हणू. एंजिनाच्या नावापुढे जो ‘सीसी’चा आकडा लिहितात, तो एकसिलिंडरी एंजिनात हाच असतो. दट्ट्या अगदी वर पोहोचल्यावरही त्याच्या माथ्यावर जी जागा शिल्लक उरते, तिला शेष घनफळ म्हणू. दट्ट्या खाली असताना मिश्रणाला ही दोन्ही घनफळे मिळून जागा मिळते. तो वर आल्यावर केवळ शेष घनफळ उरते. म्हणून,

संपीडन गुणोत्तर = (धावेचे घनफळ + शेष घनफळ) ÷ शेष घनफळ.

हेच सूत्र दुसऱ्या रीतीने लिहिले, तर धावेच्या घनफळास शेष घनफळाने भागून त्यात १ मिळविला की गुणोत्तर मिळते.

येथे नवशिक्याचा एक घोटाळा नेहमी होतो. माथा घुमटाकार असेल, तर धावेचे घनफळही बदलत असेल, असे त्याला वाटते. तसे होत नाही. दट्ट्या ९० मिलिमीटर खाली सरकला, म्हणजे त्याच्या माथ्याचा प्रत्येक बिंदू, घुमटाचे शिखर असो की कडेचा काठ, बरोबर ९० मिलिमीटरच खाली सरकतो. घुमटाने अडविलेली जागा दट्ट्या वर असतानाही अडलेली असते व खाली असतानाही तितकीच अडलेली असते. दोन स्थितींतील घनफळांची वजाबाकी करताना ती उडून जाते. तेव्हा माथ्याच्या आकाराचा परिणाम होतो तो फक्त शेष घनफळावर. परंतु शेष घनफळ हे भाजक असल्यामुळे आणि ते मुळात लहान असल्यामुळे, तेथील थोडासा फरकही गुणोत्तरात मोठा होऊन दिसतो.

सपाट माथ्याचा हिशेब

भारतात सर्वांच्या परिचयाचे एक माप उदाहरणासाठी घेऊ. इंग्लंडमधील रेडिच येथे जन्मलेली आणि १९५५ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या कंपनीमुळे भारतीय रस्त्यांवर रुळलेली ‘बुलेट’ ही ३५० वर्गातील मोटारसायकल दीर्घकाळ ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटर धाव या मापाच्या एंजिनावर चालली. त्रिज्या ३.५ सेंटिमीटर धरली, तर सिलिंडराच्या छेदाचे क्षेत्रफळ ३८.४८ चौरस सेंटिमीटर येते. त्यास ९ सेंटिमीटरने गुणले की धावेचे घनफळ ३४६.३६ घन सेंटिमीटर होते. हा आकडा खरा आहे. यापुढील मापे मात्र केवळ गणित समजावे म्हणून घेतली असून ती कोणत्याही विशिष्ट नमुन्याची नाहीत.

शेष घनफळ एका ठिकाणी नसते, ते चार ठिकाणी विखुरलेले असते. पहिले व सर्वांत मोठे म्हणजे सिलिंडराच्या शीर्षात, गॅरेजच्या भाषेत हेडमध्ये, असलेली ज्वलन कोठी. ती ५६ घन सेंटिमीटर आहे असे समजू. दुसरे, शीर्ष व सिलिंडर यांमधील गॅस्केटच्या छिद्रात राहणारी जागा. छिद्राचा व्यास ७२ मिलिमीटर आणि आवळल्यानंतरची जाडी १ मिलिमीटर असेल, तर हे घनफळ ४.०७ घन सेंटिमीटर भरते. येथे नव्या, न दाबलेल्या गॅस्केटची जाडी धरणे ही चूक होय; बोल्ट आवळल्यावर ते चेपले जाते आणि हिशेबास ती चेपलेली जाडीच लागते. तिसरे, दट्ट्याची कड वरच्या टोकाला सिलिंडराच्या पृष्ठापेक्षा जितकी खाली राहते तितक्या उंचीची चकती. ही उंची अर्धा मिलिमीटर असल्यास घनफळ १.९२ घन सेंटिमीटर होते. चौथे, दट्ट्याची वरची रिंग आणि माथा यांच्या दरम्यान भिंतीलगत असणारी अरुंद फट. तेथे दट्ट्याचा व्यास ६९.५ मिलिमीटर व फटीची उंची ७ मिलिमीटर धरली, तर केवळ ०.३८ घन सेंटिमीटर जागा निघते. पुष्कळजण ती सोडून देतात.

माथा सपाट असेल, तर या चारांची बेरीज म्हणजेच शेष घनफळ:

५६ + ४.०७ + १.९२ + ०.३८ = ६२.३७ घन सेंटिमीटर.

३४६.३६ ला ६२.३७ ने भागून १ मिळविला की ६.५५ हे गुणोत्तर मिळते.

घुमटाकार माथा

आता याच सिलिंडरात घुमटाकार माथ्याचा दट्ट्या बसविला अशी कल्पना करू. घुमट सिलिंडराच्या पूर्ण रुंदीचा असून मध्यभागी त्याची उंची ६ मिलिमीटर आहे. वर आल्यावर हा घुमट शीर्षातील कोठीत शिरतो आणि तेथील जागा व्यापतो. म्हणून त्याचे घनफळ शेष घनफळातून वजा करावे लागते.

ते काढताना क्षेत्रफळास उंचीने गुणण्याचा मोह होतो: ३८.४८ गुणिले ०.६ म्हणजे २३.०९ घन सेंटिमीटर. पण हे घनफळ झाले सपाट चकतीचे. घुमट कडेला शून्य उंचीपासून सुरू होतो व मध्याकडे चढत जातो. भूमितीत त्याला गोलखंड म्हणतात. त्याचे घनफळ काढण्यासाठी तळाच्या त्रिज्येच्या वर्गाची तिप्पट करावी, तीत उंचीचा वर्ग मिळवावा, बेरजेस उंचीने व ३.१४१६ ने गुणावे आणि ६ ने भागावे. येथे हे उत्तर ११.६६ घन सेंटिमीटर येते. म्हणजे उथळ घुमटाचे घनफळ तेवढ्याच उंचीच्या चकतीच्या जवळजवळ निम्मे असते. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर मोठी चूक लगेच डोळ्यांत भरते.

एवढ्याने हिशेब संपत नाही. घुमट वर येत असताना झडपा काही अंशी उघड्या असतात. त्या घुमटावर आदळू नयेत म्हणून माथ्यावर दोन खाचा कोरलेल्या असतात. प्रत्येक खाच १.२ घन सेंटिमीटरची धरली, तर घुमटाने व्यापलेल्या जागेपैकी २.४ घन सेंटिमीटर परत मिळतात. घुमटाचे निव्वळ घनफळ ९.२६ घन सेंटिमीटर उरते, आणि शेष घनफळ ६२.३७ मधून ९.२६ वजा जाता ५३.११ होते. गुणोत्तर ७.५२ येते.

याच दट्ट्याचे गुणोत्तर चार कारागिरांनी काढले अशी कल्पना करावी. पहिला घुमटाकडे लक्षच देत नाही. त्याचे उत्तर ६.५५. दुसरा घुमट धरतो, पण खाचा विसरतो. त्याचे उत्तर ७.८३. तिसरा घुमटाला चकती समजतो; त्याचे उत्तर ९.८२. चौथ्याचे ७.५२ हेच बरोबर. दट्ट्या एक, सिलिंडर एक, आणि उत्तरे साडेसहापासून जवळजवळ दहापर्यंत. पहिल्याच्या उत्तरावर विसंबून हलक्या प्रतीचे पेट्रोल वापरणाऱ्यास ठोके का ऐकू येतात, ते कळणार नाही. तिसऱ्याच्या उत्तराला घाबरून जाड गॅस्केट घालणारा विनाकारण शक्ती गमावून बसेल.

खोलगट माथा

माथा खोलगट असेल, तर चिन्ह उलटते. खोलगट भागाचे घनफळ शेष घनफळात मिळवावयाचे असते. माथ्यावर ५० मिलिमीटर व्यासाची व ४ मिलिमीटर खोलीची सपाट बुडाची बशी कोरलेली आहे असे समजू. तिचे घनफळ ७.८५ घन सेंटिमीटर होते. शेष घनफळ ७०.२२ आणि गुणोत्तर ५.९३ येते. कमी प्रतीचे इंधन वापरावयाचे असेल किंवा एंजिनात हवा पंपाने दाबून भरावयाची असेल, तर गुणोत्तर असे मुद्दाम उतरवितात.

अनेक दट्ट्यांच्या माथ्यावर उंचवटा व खोलगा दोन्ही असतात. जपानमधील माझ्दा कंपनीने २०११ साली पेट्रोलवर चालणारे १४ गुणोत्तराचे एंजिन बाजारात आणले. त्याच्या दट्ट्याचा माथा वर उचललेला असूनही मध्यभागी एक वाटी कोरलेली आहे. ठिणगीजवळ नुकतीच जन्मलेली ज्योत धातूला लागून विझू नये, हा त्या वाटीचा हेतू. अशा माथ्याचा हिशेब करताना उंचवटा वजा आणि वाटी अधिक, अशी बीजगणितातील बेरीज करावी लागते.

उलट दिशेचे गणितही उपयोगी पडते. गुणोत्तर ८ हवे असेल, तर धावेचे घनफळ ८ उणे १, म्हणजे ७ ने भागावे. ४९.४८ घन सेंटिमीटर हे इच्छित शेष घनफळ झाले. सपाट माथ्याचे शेष घनफळ ६२.३७ असल्याने १२.८९ घन सेंटिमीटर निव्वळ घनफळाचा घुमट लागेल, हे वजाबाकीनेच समजते.

मोजण्याची रीत

प्रत्यक्षातील माथे भूमितीच्या पुस्तकातील आकृत्यांसारखे नसतात. त्यांच्या कडा गोलवलेल्या असतात, खाचा तिरप्या असतात. तेथे सूत्रांपेक्षा द्रव पदार्थ अधिक प्रामाणिक ठरतो.

शीर्षातील कोठी मोजण्यासाठी झडपा व स्पार्क प्लग जागच्या जागी बसवून शीर्ष उलटे ठेवतात. काठाला ग्रीसचा पातळ थर लावून त्यावर लहान छिद्राची पारदर्शक प्लॅस्टिकची तबकडी दाबून बसवितात. मग अंशांकित नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, रॉकेल किंवा पातळ तेल छिद्रावाटे सोडतात. हवेचा शेवटचा बुडबुडा निघून गेला की नळीवरील आकडा वाचावा. तेच कोठीचे घनफळ.

माथ्याचे घनफळ मोजण्याची युक्ती याहून चतुर आहे. सिलिंडर उघडा ठेवून दट्ट्याची कड पृष्ठापासून बरोबर १० मिलिमीटर खाली येईल इतका दट्ट्या खाली घ्यावा. हे अंतर घुमटाच्या उंचीपेक्षा अधिक असले पाहिजे, नाहीतर तबकडी घुमटाला टेकेल. कडेची फट ग्रीसने बुजवावी व वर तबकडी बसवून द्रव भरावा. माथा सपाट असता, तर ३८.४८ घन सेंटिमीटर द्रव मावला असता. आपल्या घुमटाच्या दट्ट्यावर तो २९.२ इतकाच मावला, तर उरलेले ९.३ घन सेंटिमीटर घुमटाने अडविले, हे उघड झाले. सूत्राने आलेल्या ९.२६ शी हे उत्तर जुळते. खोलगट माथ्यावर मावणारा द्रव ३८.४८ हून अधिक भरेल. तो जितका अधिक, तितका खोलगा. घुमट, खाच, वाटी, गोलवलेली कड या सर्वांचा निवाडा एकाच मापात होतो.

गुणोत्तर बरोबर आले तरी एक परीक्षा बाकी राहते. माथ्यावर मऊ मळलेल्या मातीचा थर देऊन शीर्ष तात्पुरते बसवावे आणि क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवावी. शीर्ष काढून माती सुरीने कापली, म्हणजे झडप व माथा यांमध्ये किती अंतर उरते ते तिच्या जाडीवरून दिसते. घुमट उंचावणाऱ्याने ही परीक्षा टाळली, तर पहिल्याच वेगवान फेऱ्यात झडप वाकते.

लहान फरक, मोठा परिणाम

झिजलेला सिलिंडर कातून मोठा करणे आणि त्यात मोठ्या मापाचा दट्ट्या घालणे, हे भारतातील प्रत्येक गावी होणारे काम आहे. वरील एंजिनाचा व्यास ७० वरून ७१ मिलिमीटर केला आणि घुमट पूर्वीच्याच घनफळाचा राहिला, तर धावेचे घनफळ ३५६.३३ घन सेंटिमीटर होते. शेष घनफळ मात्र ५३.१७ म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकेच राहते. गुणोत्तर ७.५२ वरून ७.७० वर चढते. त्यातच शीर्षाचे पृष्ठ घासून सपाट केले असेल आणि नव्या दट्ट्याचा घुमट जुन्याहून मिलिमीटरभर उंच असेल, तर तिन्ही वाढी एकाच दिशेने जमा होतात. गाडीचा मालक म्हणतो, काम तर नवे केले, मग एंजिन ठोके का देते? दोष कारागिराच्या हातात नसतो, न केलेल्या बेरजेत असतो. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असली, तर हा दोष आणखी लवकर उघडा पडतो, कारण रॉकेलची ठोके रोखण्याची शक्ती फारच कमी असते.

डिझेल एंजिनात हे प्रकरण अधिक नाजूक होते. तेथे ठिणगी नसते. हवा एवढी दाबावी लागते की तिच्या उष्णतेनेच फवारलेले तेल पेटावे. आपल्याच ३४६.३६ घन सेंटिमीटरच्या सिलिंडरात गुणोत्तर १७ हवे असेल, तर शेष घनफळ अवघे २१.६५ घन सेंटिमीटर असावे लागते. थेट फवाऱ्याच्या डिझेल एंजिनात यातील बहुतेक जागा दट्ट्याच्या माथ्यात कोरलेल्या वाटीतच असते. हे शेष घनफळ १ घन सेंटिमीटरने कमी झाले, तर गुणोत्तर १७ वरून १७.७७ वर जाते. पेट्रोलच्या सपाट दट्ट्यात तेवढ्याच फरकाने ते ६.५५ वरून ६.६४ होते. दोन फरकांत आठपटींहून अधिक अंतर आहे. म्हणूनच अनेक डिझेल एंजिनांत दट्ट्या सिलिंडराच्या पृष्ठापेक्षा किती वर येतो ते मोजून, त्यानुसार वेगवेगळ्या जाडीच्या गॅस्केटपैकी योग्य ते निवडावे लागते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आतापर्यंत काढलेले गुणोत्तर भूमितीचे आहे. प्रत्यक्षात आत घेण्याची झडप दट्ट्या खालच्या टोकाहून वर निघाल्यावर काही वेळाने मिटते आणि खरे संपीडन त्यानंतर सुरू होते. दोन धावांच्या एंजिनात तर बाहेर टाकण्याचे द्वार दट्ट्याने झाकेपर्यंत ते सुरूच होत नाही. त्यामुळे दाबमापकाचा आकडा म्हणजे संपीडन गुणोत्तर नव्हे. तो आकडा रिंगा व झडपा घट्ट बसल्या आहेत की नाहीत हे सांगतो. माथ्याचा हिशेब तो करून देत नाही.

आकडा एक, स्वभाव अनेक

गुणोत्तर काढून झाले म्हणजे माथ्याचे काम संपले, असे मानणे चुकीचे ठरेल. दोन एंजिनांचे गुणोत्तर अगदी सारखे असूनही एक शांत चालते व दुसरे ठोके देते, असे घडते. कारण घनफळ किती आहे याबरोबरच ते कोणत्या आकारात मांडले आहे, यालाही महत्त्व असते. फार उंच घुमट मोठ्या कोठीत शिरला, तर उरणारी जागा संत्र्याच्या सालीसारखी पातळ व पसरट होते. ज्योतीला घुमटाला वळसा घालून जावे लागते, वाट लांबते आणि दूरच्या मिश्रणाला आपोआप पेटण्यास सवड मिळते. शिवाय अशा कोठीच्या भिंती मोठ्या असल्याने उष्णता अधिक वाया जाते. आधुनिक एंजिनांत कोठी उथळ व आटोपशीर करून माथा शक्यतो सपाटीच्या जवळ ठेवण्याकडे जो कल दिसतो, त्याचे कारण हेच.

ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. ठोके हे दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेटल्यामुळे पडतात, असे त्यांनी दाखविले. १९१९ साली त्यांनी बाजूच्या झडपांच्या एंजिनासाठी एक नवे शीर्ष योजिले. त्यात दट्ट्याच्या माथ्याचा बराचसा भाग शीर्षाच्या सपाट पृष्ठाच्या अगदी निकट येई. दोहोंच्या मध्ये सापडलेले मिश्रण पिळून कोठीत जोराने फेकले जाई, तेथे खळबळ माजे आणि ज्योत वेगाने पसरे. ठोका पडण्यास अवकाशच उरत नसे. त्याच पेट्रोलवर अधिक गुणोत्तर चालविता आले, तेही केवळ आकार बदलून.

अमेरिकेत याच प्रश्नावर रसायनशास्त्राकडून उत्तर आले. जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या टॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये असे आढळले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये अल्प प्रमाणात मिसळले तर ठोके थांबतात. १९२३ साली असे पेट्रोल विक्रीस आले. ते तयार करणाऱ्या कारखान्यांतील कामगार १९२४ मध्ये शिशाच्या विषबाधेने मृत्यू पावले, तरीही त्याचा प्रसार थांबला नाही. पुढील अर्धशतकात गुणोत्तरे चढत गेली, आणि त्यांच्या बरोबरीने शिशाचा धूर जगभरच्या रस्त्यांवर, मुलांच्या श्वासात व रक्तात गेला. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाली. मोटारींसाठी ते विकणारा अखेरचा देश अल्जीरिया होता. तेथे ते २०२१ साली थांबले. गुणोत्तर वाढविण्याचे दोन मार्ग होते, एक कोठीच्या व माथ्याच्या आकाराचा आणि दुसरा इंधनात विष कालविण्याचा. दुसरा सोपा होता म्हणून तो अधिक वापरला गेला. पहिला कष्टाचा असला, तरी शेवटी जगाला त्याच वाटेने पुढे जावे लागले. आज शिशावाचून १० ते १२ आणि त्याहूनही अधिक गुणोत्तराची पेट्रोल एंजिने चालतात. त्यामागे सुधारलेले इंधन व नेमके प्रज्वलन आहे, तसाच कोठीचा व दट्ट्याच्या माथ्याचा काळजीपूर्वक घडविलेला आकारही आहे.

सारांश

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. धावेचे घनफळ व्यास आणि धाव यांनी ठरते. माथ्याचा त्याच्याशी संबंध नाही. शेष घनफळात कोठी, गॅस्केट, कडेवरील चकती व फट यांची बेरीज असते. तीतून उंचवटा वजा करावा, खोलगा व खाचा मिळवाव्यात. आकार साधा असेल तर सूत्र वापरावे. नसेल तर द्रवाने मोजावे. आणि शक्य असेल तेव्हा दोन्ही करून उत्तरे ताडून पाहावीत. धातूचा कोणताही भाग घासला, कातला वा बदलला की बेरीज पुन्हा करावी.

पायली उलटून बूड पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला अंकगणित फारसे येत नसेल. पण माप कोठे फसवू शकते, हे त्याला नेमके ठाऊक होते. एंजिन उघडणाऱ्या कारागिराने दट्ट्याच्या माथ्याकडे त्याच नजरेने पाहावे.